डबीवरचं नाव

कुठल्याही मुलीने आपल्या प्रेमाची सुरुवात अशी केली नसेल. पहिल्याच भेटीत मी त्याच्या हातात प्लास्टिकची एक रिकामी डबी ठेवली आणि म्हटलं, "उद्या सकाळी नमुना लागेल."

खरं तर ती डबी त्याच्या आईकडे, येनमावशीकडे द्यायची होती, म्हणजे माझी लाज राहिली असती. पण जिना चढून वर गेले तर मावशी मळ्यात, आणि ओसरीवर हा... गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर ओलं जाळं. भाताची कापणी उरकली होती, तळं आटत आलं होतं. आमच्याकडे हे मासळीचे दिवस.

"डॉक्टरीणबाई आल्या!" थाविन हसला. आम्हा आरोग्य स्वयंसेविकांना गावात सगळे असंच चिडवतात. "कसला नमुना?"

मी छताकडे पाहिलं. "सकाळी... पोट साफ होतं ना, तेव्हाचा."

"अरे देवा. आणि त्यात काय शोधणार? माझं मन?"

"किडे. कच्च्या माशातून यकृतात जाऊन बसतात. कॉय खाता ना तुम्ही?"

"लिंबू पिळतो की! लिंबानं मासा शिजतो. वर दोन घोट तांदळाची दारू. कुठला किडा जगेल?"

गावातला प्रत्येक पुरुष हेच म्हणतो. कच्चा मासा बारीक चिरायचा, मिरची आणि भाजलेल्या तांदळाची पूड घालायची, लिंबू पिळायचं, की झाली कॉय. थाविनचे वडीलही हेच म्हणायचे. चार वर्षांपूर्वी मी या कामात नवीन होते आणि ते माझे पहिले रुग्ण होते. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट फुगलं. लावणीला आजारी पडलेला माणूस कापणीपर्यंत टिकला नाही. थाविन तेव्हा बँकॉकला टॅक्सी चालवायचा. प्रेताला अग्नी देताना रिवाजाप्रमाणे एका दिवसाचा भिक्खू होऊन, डोकं भादरून उभा असलेला तो मुलगा मला आठवत होता. आता गावी परतून ओसरीवर हसणारा हा तोच, हे मला जिना उतरताना जाणवलं.

त्या कापणीनंतर मी ठरवून टाकलं होतं, तपासणीचा कागद स्वच्छ असल्याशिवाय कुणाशी लग्न करायचं नाही. आई म्हणायची, "मग बस घरात, लामदुआन. या गावात कॉय न खाणारा पुरुष म्हणजे अजून दात न आलेला!"

आणि बाराव्या दिवशी थाविनचा कागद आला. स्वच्छ!

मी तो तीनदा वाचला. नाव बघितलं, घर क्रमांक बघितला. इतका आनंद व्हायचं काही कारण नव्हतं, पण झाला खरा.

मग तो संध्याकाळच्या व्यायामाला यायला लागला. देवळापुढच्या अंगणात वीस-पंचवीस बायका पाण्याच्या जुन्या पाइपची कडी कमरेभोवती फिरवतात, मी ध्वनिक्षेपकावर आकडे म्हणते. त्या बायकांच्या मधोमध हा उंच गडी! त्याचं कडं तिसऱ्या फेरीलाच घोट्यांवर पडायचं.

"कंबर हलव, थाविन! टॅक्सीत बसून गंजली का?" म्हाताऱ्या ओरडायच्या.

"शिकवणारी लांबून ओरडते, मग कसं जमणार?" तो माझ्याकडे बघत म्हणायचा, आणि माझे आकडे चुकायचे.

एकदा मी पुरुषांना कॉय तव्यावर परतून दाखवली. "आजाऱ्याचं जेवण," म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. थाविनने चिकट भाताच्या गोळ्याबरोबर दोनदा मागून घेतली.

"खरंच आवडली?" मी हळूच विचारलं.

"नाही," तो तितक्याच हळू म्हणाला. "पण तू पुन्हा वाढायला आलीस ना..."

पंधरा दिवसांनी त्याने विचारलं. मी कडी गोळा करत होते. "आईला तुझ्या घरी पाठवू?" एवढंच. मी मान खाली घातली आणि हो म्हटलं. माझ्याजवळ कागद होता ना! भीती कशाची?

ती भीती दुसऱ्याच संध्याकाळी आली. घाम पुसत येनमावशी माझ्याजवळ बसली आणि लाडात म्हणाली, "तुझ्या परीक्षेत पास झालो बाई आम्ही. डबी मीच भरली होती! तो म्हणाला, तू दे. मी जन्मात कच्चा मासा खाल्ला नाही, माझ्यात कुठला किडा सापडणार?"

ती हसत होती. मला मात्र समोरच्या बायका दिसेनाशा झाल्या. गेले पंधरा दिवस मी ज्याच्या भरवशावर नाचत होते, तो कागद येनमावशीचा होता. थाविनच्या आत काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच तळ्यावर गेले. तो जाळं झटकत होता.

"डबी कुणाची होती?"

त्याच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. "आई... आई बोलली?"

"चेष्टा वाटली तुला?"

"चेष्टा नाही गं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बाबांचंही आधी काही दुखत नव्हतं. तपासलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते मरायलाच लागले. मी तेच ताट, तीच कॉय, सहा वर्षांचा असल्यापासून खातोय. कळलंच नाही तर निदान... तुझ्याबरोबर थोडे दिवस तरी..."

"आणि मी? मी रोज सकाळी तुझे डोळे पिवळे झालेत का ते बघत बसू?" माझा आवाज फाटला. "दुसऱ्याच्या डबीतलं सुख दिलंस मला, थाविन!"

मी जायला वळले, मग थांबले.

"गुरुवारी पोटाची सोनोग्राफी करणारी गाडी देवळात येतेय. तुझं नाव यादीत एक्केचाळीसावं आहे. मी एकदाच पुकारीन."

गुरुवारपर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तो आला नाही तर? आणि आला... तर? दुसऱ्या प्रश्नाचीच जास्त भीती वाटायची.

तो आला, आणि एकटा नाही. जाळं टाकणारे चारही मित्र त्याने ओढून आणले होते. सरळ जाऊन ओळीत बसला. मी चाळीस नावं पुकारली. एक्केचाळीसावं पुकारण्याआधीच तो उठला होता.

पडद्याआड डॉक्टरबाई जे सांगतील ते नोंदवहीत लिहायचं, हे स्वयंसेविकेचं काम. म्हणजे माझंच. थाविन पाठीवर पडला. यंत्र त्याच्या पोटावरून फिरलं, थांबलं, मागे आलं. पुन्हा त्याच जागी थांबलं. डॉक्टरबाई चित्राजवळ वाकल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं – पहिल्यांदाच न हसता. त्याचा हात धरावा असं फार वाटलं. माझ्या हातात पेन होतं.

"इथं पित्ताच्या नळीभोवती जाडसर दिसतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "गाठ नाही. आज तरी नाही. शौचाची तपासणी पुन्हा करा, किडे निघाले तर गोळ्या. आणि दर सहा महिन्यांनी इथं यायचं, चुकवायचं नाही. कच्चा मासा बंद म्हणजे बंद. सोबत कोण येणार?"

शेवटच्या दोन रकान्यांत तेच विचारलं होतं. एकात मी लिहिलं – लामदुआन.

"नातं?" त्यांनी विचारलं.

माझं पेन थबकलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाल्या, "भरा सावकाश."

बाहेर चिंचेखाली तो सदऱ्याची बटणं लावत उभा होता. "तुला स्वच्छ कागद हवा होता," तो म्हणाला. "माझा तसा नाही निघाला. आता तू नाही म्हणालीस तर मी... मी काही बोलणार नाही."

"सहा महिन्यांनी काय निघेल, तेही मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला फार भीती वाटते, थाविन."

"मलाही."

मग त्याने खिशातून केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कानापर्यंत लाल झाला. पान उलगडलं. आत डबी होती. वर त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात त्याचं पूर्ण नाव.

"आज पहाटेची. माझीच," तो म्हणाला. "आईची शपथ."

मला हसू आलं आणि रडूही, आणि आधी काय करावं ते कळेना. वडीलधाऱ्यांनी दिलेली वस्तू घेतात तशी मी ती दोन्ही हातांनी घेतली. मग आत जाऊन नात्याचा तो रिकामा रकाना भरून टाकला.