मंगळाच्या मातीचं विरजण

‘टिटवी’ यान चंद्राभोवती घिरट्या घालत होतं आणि पृथ्वी त्याला घरात घ्यायला तयार नव्हती. मंगळावर जाऊन माणसं सुखरूप परत आली, तर हारतुरे घेऊन सामोरं जावं की नाही? पण ग्रहसुरक्षा मंडळानं दाराला आतून कडी घातली होती. कारण मंगळाच्या खोल मातीतून आणलेल्या नमुन्यात जिवाणू सापडले होते, आणि तेही जिवंत.

यानात माणसं दोनच. डॉ. वैजयंती सरंजामे जीवशास्त्रज्ञ, बोलायला फटकळ. हणमंत शिरगुप्पे अभियंता, शिरोळकडचा. ज्या गिरमिटानं माती उपसली ते त्यानंच जोडलेलं. मंडळाचं म्हणणं साफ होतं. जिवाणू मंगळाचे असतील तर आपल्याकडे त्यांच्यावर औषध नाही, तेव्हा यानानं शिधा संपेपर्यंत बाहेरच राहायचं. शिधा संपल्यावर काय, हे कुणी बोलत नव्हतं. हणमंताची थोरली बहीण, आईच्या माघारी त्याला वाढवणारी आक्का, रोज नियंत्रण केंद्रात येऊन बसायची. तिच्याशी बोलायचा त्याला धीर होत नव्हता.

जिवाणू कुणाचे, हे ठरवायचं कसं? जनुकवाचक यंत्र होतं, पण मंगळाच्या क्षारांनी त्याचा पार बोऱ्या वाजवला होता. दर खेपेला ते निराळंच काहीतरी वाचायचं. सूक्ष्मदर्शकाखाली माळेतल्या मण्यांसारखे गोल जीव दिसत. पण नुसत्या दिसण्यावरून कुणाचं गाव कळतं का?

चहाच्या पिशवीत दुधाची भुकटी सोडता सोडता वैजयंतीचा हात थबकला. तिनं लगेच मंडळाचे अध्यक्ष डॉ. खासनीस यांना रेडिओवर गाठलं. खासनीसांची उमेदवारी दुग्धशाळेत गेलेली.

“सर, दुधातली साखर कोणती?”

“दुग्धशर्करा. आता या वयात माझी परीक्षा घेणार का?”

“ती आणखी कुठं सापडते?”

“सस्तन प्राण्यांच्या दुधाखेरीज जवळजवळ कुठंच नाही.”

“मग मंगळावर दूधच नाही, तर ती साखर तोडायचं विकर तिथल्या जिवाणूनं कशाला बाळगावं? जिथं कुलूपच नाही तिथं किल्ली कोण घडवेल? यांनी साखर तोडून आम्ल केलं, दही लावलं, तर ते आपल्याच घरचे.”

खासनीस असे सहजासहजी ऐकणारे नव्हते. भुकटीतही जिवाणू असतात, काहींचे बीजाणू नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत, असं त्यांनी बजावलं. वैजयंतीनं दूध दाबाच्या वाफेत तापवून निर्जंतुक केलं, दोन बाटल्यांत भरलं, एकीत त्या जिवाणूंचा थेंब सोडला आणि दुसरी तशीच ठेवली. दोन्ही उबेला ठेवल्या. हणमंत तिकडं फिरकलासुद्धा नाही.

वेळ झाल्यावर तिनं बाटल्या हलवल्या. कोऱ्या बाटलीतलं दूध हिंदकळलं. दुसरीतलं नुसतं थरथरलं आणि जागच्या जागी राहिलं. घट्ट, कवडीदार दही. परक्या जीवसृष्टीचा शोध लावणारी म्हणून वैजयंतीचं नाव झालं असतं, ते क्षणात गेलं. आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती रडू लागली.

खासनीसांनाही आनंद झाला, पण नियम तो नियम. गिरमिट भट्टीत तापवून निर्जंतुक केलेलं होतं. मग दह्याचे जिवाणू त्यात शिरले कुठून? ती वाट सापडेपर्यंत कडी निघणार नव्हती.

हणमंताचे कान लाल झाले होते. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं.

“भट्टीतून निघाल्यावर गिरमिटाचं शेवटचं कडं मी बसवलं,” तो म्हणाला. “हातमोजा घसरत होता, म्हणून काढला. आणि त्याच दिवशी घरून निघताना आक्कानं हातावर दही घातलं होतं.”

“हात धुतला नाहीस?” वैजयंतीनं विचारलं.

“चाटला की. मग विजारीला पुसला.”

खासनीसांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले की विरजण वर्षानुवर्षं टिकवायचं तर प्रयोगशाळेत ते दुधासाखरेत मिसळून गोठवतात आणि निर्वातात सुकवतात. इथं ते काम अवकाशानं फुकटात केलं. खात्री करायला त्यांनी बाहेर बसलेल्या आक्काला आत बोलावलं. दही घातलं होतं, साखर घालून, असं ती बिनदिक्कत म्हणाली. तुमच्या त्या चमचाभर दह्यानं भाऊ इतके दिवस दाराबाहेर अडकला, हे खासनीसांनी तिला जरा घुश्शातच सुनावलं.

आक्का तसूभर हलली नाही. “साहेब, हातावर दही कशासाठी घालत्यात? माणूस नीट माघारी यावा म्हणून.”

खासनीसांनी मनाशी हिशेब मांडला. दही नसतं तरी हातमोजा त्यानं काढलाच असता. नुसत्या हातावरचे जिवाणू मातीत गेले असते, तर दूध असं लागलं नसतं, ते आपले आहेत हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं, आणि हे यान शिधा संपेपर्यंत फिरत राहिलं असतं.

“खरं आहे, आक्का,” ते म्हणाले आणि त्यांनी ‘टिटवी’ला उतरायची परवानगी दिली.