बैलाचा अर्धा गूळ

हिराबाईचं मनगट प्लास्टरमध्ये.

अंगणभर उडालेली शेंगदाण्याची सालं.

जीपची मागची सीट, खिडकीकडची.

"ओ मॅडम, फाटा आला…"

उद्यापासून म्हसा गावची जत्रा. तिथं हिराबाईचं चिक्कीचं दुकान दरवर्षी लागतं. यंदा ती जागा रिकामी राहायची वेळ आली होती, म्हणून शिफ्ट सुटल्यावर तिची लेक काजल थेट मुरबाडच्या बाजारात आली. चिक्कीच्या गुळाची एकच ढेप उरली होती — आणि ती एका तरुणाच्या काखेत.

काजलला भांडायचंही त्राण नव्हतं.

"कशाला हवाय हा?"

"बैलाला."

"बैलाला साधा गूळ चालतो की!"

"आमचा जरा लाडाचा हाय."

ती हसली… नकळत. त्यानं ढेप फोडून अर्धी तिला दिली. "चला, जीप लागलीय. रोज मागं झोपता, आज पुढं बसा."

आत्ता तिला आवाज ओळखू आला. फाटा आला म्हणून रोज उठवणारा जीपवाला. सुदाम.

सोडायला आलेला सुदाम घरी मदतीला थांबला. पाक झाला. थेंब पाण्यात टाकला, कट् तुटला. आता एकानं ओतायचं, दुसऱ्यानं लगेच लाटायचं. आईचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून लाटणं सुदामकडे. तो मात्र बघत राहिला — चुलीच्या उजेडात तिच्या कपाळाला चिकटलेली बट…

"लाट रे! तिला नंतर बघ!" हिराबाई ओरडली.

उशीर झाला होता. सगळा घाणा दगड झाला, लाटणं त्यातच रुतलं.

काजल भिंतीला टेकली. रडायचाही कंटाळा आला होता. "राहू दे. गूळ संपला."

सुदाम जीपकडे गेला आणि उरलेली अर्धी ढेप घेऊन आला.

"आणि बैल?"

"समजूतदार हाय."

"मालकावर नाय गेला मग."

दुसरा घाणा पातळ, काचेसारखा उतरला. वड्या कापता कापता तो म्हणाला, "उद्या दुकानावर दोन माणसं लागतील…"

"लागतील."

"आन् जत्रा उठल्यावर?"

तिनं एक वडी मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"एकटी लय दमते रे मी… तवापण लागतील."

मग भिंतीला डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला. या वेळी त्यानं हाक मारली नाही.

सुदामच्या घरी बैल नाही.