वेंडेलमामाची न संपणारी गुंडाळी

"चौथ्यांदा!" ऑटिस झाडावरून ओरडला. "मामा सकाळपासून चौथ्यांदा परसाकडं चाललाय!"

वेंडेलमामा पाइनच्या झाडांतून डुलत डुलत निघाला होता. एका हातात नारिंगी दांड्याचं छोटं फावडं, दुसऱ्या हातात पुसायच्या कागदाची पांढरीशुभ्र गुंडाळी आणि ओठांवर शीळ!

"अरे, माणसाला शांतपणे जाऊ तरी द्या!" मामानं मागं न बघताच हात हलवला. "तुमच्या आईनं काल केलेलं माशाचं कालवण पोटात अजून पोहतंय!"

"कालवणाला नावं ठेवू नकोस हं, वेंडेल!" चुलीपाशी बसलेली आई कडाडली. "आम्हीही तेच खाल्लंय. आमच्या पोटात मेलेलाच आहे मासा!"

टिल्डा इतकी हसली की तिच्या हातातली बशी वाळूत पडली. मामा आला की सुट्टीला सुट्टीपण यायचं, ते हे असं.

क्रोएटनच्या सरकारी जंगलात, जिथं नदी रुंद होत होत समुद्राला भेटायला जाते, त्या काठावर दर ईस्टरच्या सुट्टीत टिल्डाच्या घरच्यांचा, म्हणजे गिलिकिनांचा तंबू पडायचा. फुकट! ना पावती, ना नळ, ना संडास. पाणी घरून आणायचं. खाण्याची पिशवी अस्वलाच्या धाकानं उंच फांदीला टांगायची. आणि परसाकडं जायचं तर फावडं घेऊन लांब जायचं, वीतभर खड्डा करायचा, काम झालं की बुजवायचा. हे सगळे नियम मामाचे. ओल्या लाकडावर चूल पेटवणं, न सुटणारी गाठ मारणं, शीळ घालणं, आईला गंडवणं... बारा वर्षांच्या टिल्डाला जे जे येत होतं, ते त्यानंच तर शिकवलं होतं!

"मला एक कळत नाहीये," कीनन चष्मा वर ढकलत म्हणाला. कीनन म्हणजे शेजारचा. वय तेरा, आणि दिसेल ते मोजायची खोड! "गुंडाळी तीच आहे ना, शनिवारी उघडलेली?"

"हो. का रे?"

"आज मंगळवार. मामा दिवसाला चार-पाच वेळा जातोय आणि गुंडाळी जशीच्या तशी! मी परवा तिच्या पहिल्याच पदरावर पेनानं रेघ मारून ठेवली होती. ती रेघ अजून तिथंच आहे!"

"तू मामाच्या कागदावर रेघा मारतोस? शी!"

"विज्ञान आहे ते!"

"मग पानं वापरत असेल," ऑटिस खाली उतरत म्हणाला. टिल्डाचा हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि जगातला कुठलाही प्रश्न चुटकीसरशी सोडवायचा.

"पानं? इथं पावलोपावली खाजरी वेल आहे, शहाण्या! ती पानं वापरली असती तर मामा आत्तापर्यंत नदीत बसून बोंबलत असता!"

तिघंही वाळूत गडाबडा लोळले. मग कीनननं तोंड पुसलं आणि डोळे बारीक केले. "पण मग जातो कुठं? कालही दलदलीकडंच गेला. आजही."

टिल्डाचं हसू तिथंच थांबलं.

दलदलीकडं एकच गोष्ट होती, आणि ती जगात दोघांनाच ठाऊक होती. टिल्डाला आणि मामाला.

पाच वर्षांपूर्वी, मामाच्या खांद्यावर बसून जाताना तिला ती जागा दिसली होती. ओल्या वाळूत, गवताच्या बुडाशी, माशा खाणारी झाडं! शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव व्हीनस फ्लायट्रॅप. टिल्डा आणि मामाच्या भाषेत 'जबडे'. बोटाएवढ्या देठांवर लालचुटूक जबडे, काठाला दात!

"आत बारीक केस आहेत बघ," मामानं वाळूत पालथं पडून दाखवलं होतं. "एकदा धक्का लागला तर जबडा गप्प बसतो. पावसाचा थेंब असेल, काडी असेल. पण लगेच दुसऱ्यांदा लागला की खटकन बंद! पहिली वेळ माफ असते, टिल्डे. आणि ही जागा कुणाला म्हणजे कुणाला सांगायची नाही. आईलाही नाही. लोक उपटून नेतात."

टिल्डानं नाही सांगितली. पाच वर्षं! पोटात ठेवली.

"चला," ती उठली. "काय ते बघूनच येऊ."

मामा तळावर परतून आडवा झाल्यावर तिघं निघाले. गोचीड चढू नयेत म्हणून पायमोज्यांत पँटा खोचल्या आणि गवतातून वाट काढली. टिल्डा पुढं होती. ती एकदम थांबली.

जबडे नव्हते. खड्डे होते. ओळीनं, नीटस, वीतभर खोल खड्डे!

"चव्वेचाळीस," कीनन हळूच म्हणाला. त्याला मोजल्याशिवाय राहवलं नाही.

ओल्या वाळूत प्रत्येक खड्ड्याच्या कडेला फावड्याची खूण उमटली होती. पात्याचा डावा कोपरा तुटलेला. तो कोपरा टिल्डानंच तोडला होता, गेल्या वर्षी शिंपले फोडताना.

"हे तर आपलंच फावडं!" ऑटिस म्हणाला. "मग चोर कोण?"

ऑटिसनं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग त्यालाही विचारायची गरज उरली नाही. हातात कागदाची गुंडाळी घेऊन निघालेल्या माणसाच्या मागं कोण जाणार? कुणीच नाही! याहून भारी युक्ती टिल्डाला आजवर सुचली नव्हती.

"पहिली वेळ माफ असते," ती पुटपुटली आणि तडक तळावर गेली.

"मामा, जबडे गेले. सगळे खणून नेलेत कुणीतरी."

मामा दोन झाडांना बांधलेल्या झोळीत पडून सफरचंद खात होता. तो ताडकन उठून बसला. "काय सांगतेस! अस्वल असणार, टिल्डे. वसंतात मुळं उकरतात ती. वाईट झालं गं!" आणि त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

ओळीनं खड्डे करणारं अस्वल! निदान बरं खोटं तरी बोलायचं! त्या हाताखालून टिल्डा हळूच सरकली.

तेवढ्यात तंबूतून ऑटिसची हाक आली. "टिल्डा! माझी बॅग ओली का झालीये?"

बॅगेच्या तळाशी, ऑटिसच्या मोज्यांखाली आणि डायनासोरच्या सदऱ्याखाली, ओल्या वर्तमानपत्राची एक लांबडी पुडी होती. टिल्डानं टोक उलगडलं. आत एकावर एक रचलेले जबडे! मुळांसकट, मिटलेले, मलूल.

"उद्या निघताना सगळ्यांच्या बॅगा तोच भरणार म्हणालाय," कीनन कुजबुजला. "हमरस्त्यावर कुणीतरी विकत घ्यायला उभा असेल. आणि वाटेत कुणी तपासलंच, तर झाडं सापडणार..."

"माझ्या बॅगेत," ऑटिस म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आईला सांगू या!" कीनन उठला. "आत्ताच्या आत्ता!"

"नाही." टिल्डानं त्याचा दंड धरला. "त्याला अजून एक संधी द्यायची."

"अगं, वेडी आहेस का? तो चोर आहे!"

"तो मामा आहे! समोर विचारलं ना कुणी, तर तो कबूल करेल. ऑटिसला नाही अडकवणार तो. बघच तू." हे ती कीननला सांगत होती की स्वतःला, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आणि अडकवलं तर?"

टिल्डानं बॅगेकडं पाहिलं. मग खाण्याच्या पिशवीकडं पाहिलं. आणि डोळ्यांत पाणी असतानाही तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. शेवटी भाची कुणाची होती!

"आईचे पातीचे कांदे किती उरलेत रे?"

बुधवारी सकाळी वनखात्याची हिरवी गाडी नेहमीसारखी चुली तपासायला आली. टिल्डानं ती जंगलातल्या रस्त्याच्या वळणावरच अडवली. गाडीतल्या वनरक्षक पर्डीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मामाचं नाव आणि बॅगेची गोष्ट तेवढी टिल्डानं गाळली.

"झाडं सुरक्षित आहेत म्हणतेस. मग कुणी काढली, ते का नाही सांगत?"

"तो स्वतः सांगेल. तुम्ही फक्त या आणि सामान तपासणार म्हणा. त्याआधी मात्र त्याला बोलायला वेळ द्या. प्लीज!"

पर्डीबाईंनी गाडी पुन्हा चालू केली. "बरं," त्या म्हणाल्या. "दिला वेळ."

तळावर आवराआवर चालली होती. आई पिशव्या उलट्यापालट्या करत पुटपुटत होती. मामा तंबूच्या दोऱ्या सोडत होता. गाडी दिसताच त्याची शीळ थांबली.

"काय मंडळी, चूल विझवलीत ना?" पर्डीबाई उतरल्या. "दलदलीकडची फ्लायट्रॅपची झाडं कुणीतरी खणून नेलीत. आपल्या राज्यात हा मोठा गुन्हा आहे, तुरुंगापर्यंत जातो. मला सगळ्यांचं सामान बघावं लागेल. पण त्याआधी कुणाला काही सांगायचंय?"

लांब नदीवर एक पाणपक्षी ओरडला.

टिल्डा मामाकडं बघत होती. बोल. बोल ना, मामा. 'मी केलं' एवढंच म्हण. मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन.

मामानं टोपी काढली, डोकं खाजवलं. त्याची नजर टिल्डावर आली. एक क्षण वाटलं, बोलणार! मग ती नजर घसरली आणि ऑटिसवर जाऊन थांबली.

"पोरं आहेत हो, बाई," तो गोड आवाजात म्हणाला. "त्यांना काय कळतं? ऑटिस, बाळा, घाबरू नकोस. बॅगेत काय लपवलंयस ते दाखव बाईंना."

"मी?" ऑटिसचा ओठ थरथरायला लागला.

"अरे, लहानपणी होतात चुका!" मामानं स्वतःच बॅग ओढली, मोज्यांखाली हात घातला आणि पुडी बाहेर काढली. "हे बघा! ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलीत. सोडून द्या बाई, लहान आहे तो!"

त्यानं झटक्यात पुडी उलगडली.

टप्. टप्. टप्. वाळूत कांदे पडले. पातीचे, हिरवेगार, मुळांसकट!

"माझे कांदे!" आई किंचाळली. "कालपासून शोधतेय मी!"

कीनन फिस्सकन हसला आणि एकटाच हसतोय हे कळल्यावर गप्प बसला. टिल्डाच्या आयुष्यातली ही सगळ्यात भारी खोडी होती आणि तिला हसूच येत नव्हतं.

"वेंडेलसाहेब," पर्डीबाई शांतपणे म्हणाल्या, "पोराच्या बॅगेत काय आहे, कशात गुंडाळलंय, मोज्यांच्या वर आहे की खाली, हे तुम्हाला न बघता कसं हो कळलं?"

मामाचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

टिल्डानं मक्याची कणसं उकडायच्या मोठ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. आत ओल्या शेवाळात चव्वेचाळीस जबडे बसले होते.

आई हळूच उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वेंडेल," ती म्हणाली, "माझ्या पोराच्या बॅगेत?"

मामा टिल्डाकडं वळला. "तू वचन दिलं होतंस मला. कुणाला सांगणार नाही म्हणून."

"तुझं नाव मी नाही घेतलं, मामा. विचार बाईंना." टिल्डाचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तू मात्र ऑटिसचं घेतलंस!"

मामानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि डोळ्यांवर ओढली.

पर्डीबाईंनी बिनतारी यंत्रावर दुसरी गाडी बोलावली. ती आल्यावर मामा मागच्या सीटवर जाऊन बसला. काच बंद होती. गाडी पाइनच्या झाडांआड जाईपर्यंत ऑटिस आईच्या कुशीत तोंड खुपसून होता. टिल्डा मात्र शेवटपर्यंत बघत राहिली.

दुपारी सगळे दलदलीत गेले. ज्या जागेचं नाव पाच वर्षं काढलं नव्हतं, तिथं आज पाच माणसं वाळूत गुडघे टेकून बसली होती. टिल्डा सगळ्यांना दाखवत होती. मूळ सरळ सोडायचं, जबड्याला बोट लावायचं नाही, मिटला तर झाडाची ताकद फुकट जाते, माती दाबायची नाही, नुसती सोडायची.

"चव्वेचाळीसपैकी चाळीस तरी जगतील," पर्डीबाई हात झटकत म्हणाल्या. "मोठ्या माणसांना जमलं नसतं ते तुम्ही केलंत. कीनन, काय नजर आहे रे तुझी! आणि ऑटिस, तू तर सगळ्यांत धीराचा. आमच्या कचेरीत तुमची नावं लागणार, बघा!"

ऑटिसनं नाक पुसलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा छाती फुगवली.

आईनं टिल्डाच्या चिखलाळलेल्या गालावर ओठ टेकले. "माझी गुणाची पोर," ती म्हणाली. एवढंच. कारण ती टिल्डाची आई होती, तशी त्याची बहीणही होती.

"खरंच हुशार आहेस," पर्डीबाईंनी टिल्डाच्या हातात पुढचं झाड दिलं. "आमच्या नव्या माणसांना नाही येत हे इतकं नीट. कुणी शिकवलं गं तुला?"

टिल्डानं झाड खड्ड्यात धरलं आणि दोन्ही तळहातांनी कडेची वाळू हलकेच आत लोटली.

"मामानं," ती म्हणाली.