टॉवेल-टोपीचा आहेर

वर्षाराणी गल्लीच्या तोंडाशी आली आणि जागच्या जागी थिजली. ती चालवत असलेल्या ‘सांजसोबत’ संस्थेच्या दाराला भलंमोठं परकं कुलूप! रोज दिवसभर इथं येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या बाहेर रस्त्यावर, आणि त्यांच्या मधोमध काळ्या कोटातला एक उंच तरुण उभा.

तिचं डोकंच फिरलं. संस्थेला हे घर देणाऱ्या आजी वारल्या, तेव्हापासून त्यांचा पुतण्या वकील लावायच्या धमक्या देत होता. हाच तो वकील!

“लाज वाटते का हो?” ती कडाडली. “ज्यांना घरी कुणी विचारत नाही, त्या बायांना उन्हात बसवता? तुम्हाला आजी नाही का?”

तो शांतपणे ऐकत राहिला. तिचा दम संपल्यावर म्हणाला, “होती. अशीच ओरडायची... बोलून झालं असेल तर वकीलपत्रावर सही करता का? मी तुमच्याच बाजूनं भांडायला उभा राहिलोय.”

“आँ?”

तर हा महांतेश. मूळचा उदगीरचा, वकिली लातूरच्या कोर्टात. त्यानं आणि काही तरुण वकिलांनी मिळून ठरवलं होतं की सेवाभावी संस्थांचे खटले फुकट लढायचे. कोर्टात निघाला होता, म्हाताऱ्या दिसल्या, गाडी थांबवली. आणि बक्षीस काय मिळालं, तर शिव्या! वर्षाराणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कोर्टानं कुलूप लवकरच काढायला लावलं, पण खटला वर्षभर चालला. लोक तारखांना कंटाळतात. हिचं उलटंच! पुढची तारीख पडली की बाईसाहेब मनातल्या मनात खूश. आदल्या दिवशी ड्रेसला इस्त्री, कानात झुमके... आणि वर म्हणायचं, कोर्टात नीटनेटकं जावं लागतं बाई.

“वकीलसाहेब, फी तरी घ्या की थोडी,” कोर्टाच्या कँटीनमध्ये ती एकदा म्हणाली.

“घेतोय की. दर तारखेला.”

“ती कधी?”

“आत्ता... समोर बसून चहा पिताय ना.”

तिनं कपात जी नजर खुपसली, ती चहा संपेपर्यंत वर काढली नाही. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या. न्यायाधीशासमोर घडाघडा बोलणारा हा माणूस तिच्यासमोर साखर ढवळत बसायचा.

आणि एक दिवस निकाल लागला. घर संस्थेचंच! म्हाताऱ्यांनी पेढे वाटले, वर्षाराणीला मात्र पेढा गोड लागेना. आता तारीख नाही. तारीख नाही तर महांतेश नाही. तोही दारात घुटमळला, “तर मग... येतो,” म्हणाला आणि गेला. बस्स!

“फुकटचा वकील अन् फुकटचं औषध, गुण येत न्हाई बाई,” केवळाबाई म्हणाल्या. म्हाताऱ्यांच्या त्या म्होरक्या, मूळच्या उमरीच्या. “त्या पोराला कायतरी द्याया पायजे.”

वर्षाराणीनं टॉवेल, टोपी, नारळ आणला. टोपी निवडायला तर तिनं दुकानदाराचा जीव खाल्ला. पण त्याच्या घरी जायला तिचं मन धजेना. “तुम्हीच जाऊन सत्कार करून या,” ती म्हणाली.

रविवारी केवळाबाई दोघी-तिघींना घेऊन एसटीनं उदगीरला गेल्या आणि संध्याकाळी खुशीत परतल्या. “लई मान दिला गं! पुरणपोळी वाढली!”

टॉवेल-टोपीला पुरणपोळी? वर्षाराणीला जरा नवल वाटलं, पण तिनं सोडून दिलं.

पुढच्या रविवारी दारात जीप थांबली. आधी उतरली महांतेशची आई, शरणम्मा. मागून बाया. ताटांत हिरवी साडी, बांगड्या, गजरे. शरणम्मांनी वर्षाराणीची हनुवटी वर केली.

“हीच का गं आमची सून? तुमच्याकडून टिळा झाला, आता कुंकू लावायला आम्ही आलो. तुझ्या वडलांनाही फोन केलाय, नांदेडहून निघालेत.”

वर्षाराणीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं केवळाबाईंना कोपऱ्यात ओढलं. “काय करून आलात तुम्ही?”

“काय न्हाई. पोराला पाटावर बसवलं, ओवाळलं, टोपी घातली, साखर भरवली. इहीणबाईची ओटी भरली.”

“विहीणबाई?!”

मागून महांतेश आला. मान खाली, कान लाल.

“तुम्हाला तरी कळायला नको?” ती कुजबुजली. “एवढे मोठे वकील!”

“कळलं की. पाटावर बसवलं तेव्हाच.”

“मग आक्षेप का नाही घेतला?”

“मला वाटलं... तुम्हीच पाठवलंय. टोपी तुम्ही निवडली असं केवळाबाई म्हणाल्या...”

“अहो, मी सत्काराला पाठवलं होतं!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आठवडाभर हा वेडा हवेत होता, हे तिला तेव्हा कळलं.

“चूक माझी,” तो आईकडे बघत म्हणाला. “अव्वाला मी सांगतो. बोलणी मी खाईन, तुमच्यावर शब्द येणार नाही.” आणि तो वळला.

आता गप्प बसलं तर सगळं संपलं! वर्षाराणीनं सगळ्यांदेखत त्याची बाही धरली.

“थांबा. वर्षभर दुसऱ्यांसाठी बोललात. एकदा स्वतःसाठी बोला.”

“मी... म्हणजे... असं आहे की...” त्यानं मान वर केली. “तारखा संपल्या अन् मला करमेना झालं. तुम्ही मला आवडता. त्या दिवशी रस्त्यावर शिव्या दिल्या ना... तेव्हापासून.”

तेव्हापासून! वर्षाराणी बघतच राहिली. मग ती गेली आणि शरणम्मांसमोर ओढणी डोक्यावर घेऊन पाटावर बसली. बायांनी एकच गलका केला.

गजरा माळायला केवळाबाई जवळ वाकल्या, तेव्हा तिनं हळूच विचारलं, “खरं सांगा. सत्कार आणि टिळा यातलं तुम्हाला कळलंच नाही?”

“पाच पोरी उजवल्या म्या,” केवळाबाई तिच्या कानात म्हणाल्या. “मला न कळाया काय झालं?”

वर्षाराणीनं जो आ वासला, तो मिटलाच नाही. शरणम्मांनी त्यात साखर भरवली.