सरांचा अंगठा

मंगळवारी दुपारी दोन वाजता मी स्टुडिओत गेले ती फक्त रंग वाळलाय का ते बघायला. हे आधीच सांगून टाकते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो. इथे तसलं काही नाही. उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून लख्ख उजेड येत होता आणि खाली रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं. हसायचं असेल तर आताच हसून घ्या.

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या गोदामाचा तिसरा मजला. आम्ही सात चित्रकार तो वाटून वापरतो आणि सातही जण एकाच सरांच्या हाताखाली शिकलेलो. सर जाऊन अकरा महिने झाले होते, पण त्यांचं स्टूल, त्यांचा अॅप्रन, सगळं जागच्या जागी होतं. त्या स्टुलावर मी एकदा पिशवी ठेवली, तर दादाने ती दोन बोटांनी उचलून खाली ठेवली. दादा म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना. स्टुडिओच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, आणि शेवटचा शब्दही.

सरांची एक पद्धत होती. चित्र संपत आलं की ते लवंग चघळत मागे येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता ओल्या रंगावरून अंगठा फिरवायचे. कॅनव्हासवर बारीक कुरकुर व्हायची. एखादी कड मऊ व्हायची, एखादी सावली पसरायची आणि चित्र सुधारायचं. खोटं कशाला बोलू, खरंच सुधारायचं. सरांचा अंगठा लागला म्हणजे चित्र पास. आम्ही मात्र रंगाला बोट लावायचं नाही. "अंगठा माझा, ब्रश तुमचा," असं ते म्हणायचे.

आणि बाईचं चित्र असलं की अंगठा हमखास डोळ्यांवर जायचा. पापण्या खाली. "बाई बघणाऱ्याकडे बघायला लागली, की तो चित्र बघायचं विसरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे आमच्या सातही जणांच्या चित्रांतल्या बायका वर्षानुवर्षं जमिनीकडे बघत आल्या आहेत. सगळ्यांचं मिळून काहीतरी पडलंय आणि कोणालाच सापडत नाहीये, असं वाटतं.

या वेळी मी आईचं चित्र काढलं होतं. माझी आई सत्तावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. ती नुसती बघायची आणि फुकटा माणूस आपणहून खिसे चाचपायला लागायचा. ती नजरच मला काढायची होती. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारी आई, पाच फुटी कॅनव्हासवर. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, हे माझं चित्र, असं मला म्हणावंसं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात आमच्या प्रदर्शनात ते लागणार होतं.

मी वरचं फडकं काढलं. आई खाली बघत होती. दोन्ही डोळ्यांवर अंगठ्याच्या रुंदीचा मऊ पट्टा ओढलेला होता आणि रंग ओला होता.

माझं डोकंच फिरलं. दादा कोपऱ्यात ब्रश धूत होता, त्याच्यावर मी तुटून पडले.

"माझ्या चित्राला हात कोणी लावला?"

त्याने आधी सरांच्या स्टुलाकडे बघितलं आणि मग आवाज खाली आणला. "हळू बोल... अगं, सगळ्यांचं होतं."

"काय होतं?"

"चित्र ठेवून जायचं. सकाळी आलं की झालेलं असतं. आमचं सहाही जणांचं झालंय, तुझंच राहिलं होतं." तो हसला, पण हातातल्या ब्रशमधून पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. "नशीबवान आहेस. सरांना आवडलं तुझं चित्र..."

"आवडलं असतं तर हात लावला नसता."

त्याच संध्याकाळी मी डोळे परत काढले. सकाळी पापण्या खाली. परत काढले, परत खाली. दादा म्हणाला, हट्ट सोड. बाकीचे माझ्याशी बोलायचे थांबले. चित्र घरी नेता आलं असतं, पण मी म्हटलं, पळून कशाला जाऊ? माझा स्वभावच तसा आहे आणि त्याचा मला पश्चात्तापही होत नाही.

चौथ्या दिवशी मात्र मी घाबरले. घरी आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी जिन्यात आईवर खेकसत होता. गळका पाइप त्याचा आणि ओरडा आईला. एरवी आईने त्याला एका नजरेत गप्प केलं असतं. ती फरशीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं माझं."

हे शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते.

"आई, माझ्याकडे बघ."

"बघता येत नाही गं... चार दिवस झाले. पापण्यांवर कोणीतरी बोट ठेवलंय असं वाटतं." तिने डोळे चोळले. "बोट नाही. अंगठा."

रात्रभर मी तिच्या उशाशी बसले आणि उजाडल्या उजाडल्या स्टुडिओ गाठला. दाराला आतून कडी घातली आणि आईचा डावा डोळा रंगवायला घेतला.

बुबुळ झालं. पापणीची वरची कड झाली. आणि लवंगेचा वास आला, अगदी मानेजवळ.

मी मागे बघितलं नाही. समोर, माझ्या डोळ्यांदेखत, ओल्या रंगात एक खळगा पडला. अंगठ्याएवढा. कुरकुर करत तो खाली सरकायला लागला आणि त्याच्याबरोबर पापणीही. मी ब्रशने ती वर ढकलली, तर ब्रशचा दांडा कट्कन मोडला. भीती होतीच, पण त्याहून जास्त संताप होता. मी ब्रश फेकून दिला आणि माझा अंगठा त्या खळग्यावर दाबला.

खाली काहीतरी होतं. गार आणि चिवट.

"सर," मी म्हटलं, "गालावरची करडी सावली तुमच्याकडून शिकले. ती राहील. चित्रात माणसाचे हात कसे रंगवायचे, तेही तुमचंच. नाकारत नाही मी. पण डोळे माझ्या आईचे आहेत... त्यांना हात लावायचा नाही."

ते जोर लावत होतं. मीही लावला. मनगट बधिर झालं, नखात रंग घुसला. किती वेळ गेला सांगता येत नाही. दादा बाहेरून दार वाजवत होता, "अगं, माफी माग त्यांची... ऐक माझं," म्हणत होता. मी ऐकलं नाही. शेवटी अंगठ्याखालचं ते एकदम सुटलं आणि मी कॅनव्हासवर आदळता आदळता वाचले. दोन्ही डोळे मी अंगठ्यानेच पुरे केले. आई माझ्याकडे बघत होती.

दादाला बाजूला सारून मी ते ओलं चित्र एकटीने तीन जिने खाली आणलं आणि टेम्पोत घालून घरी नेलं.

दार उघडंच होतं. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिने मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मला रडूच फुटलं.

मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि दारात थांबली.

"यांना बरोबर आणलंस होय?"

"कोणाला?"

आईने सरांना कधी बघितलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. मी वळले नाही. वळायची गरजही नव्हती. आईचा चेहरा मला दिसत होता, आणि तो बसमध्ये असायचा तसा झाला होता. तिने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली.

"उभे का? बसा," ती दाराकडे बघून म्हणाली. "आणि काय बोलायचं ते माझ्याकडे बघून बोला."

मग ती रिकामी खुर्ची करकरली. आई बघतच राहिली.