गाडी सुटण्याआधीची हाळी

आरती आणे पठारावर आली ती साध्याच कामाला. खाणीतला दगड वाहणारी जुनी, अरुंद रुळांची गाडी गावच्या माणसांनी घरची कामं सांभाळून पुन्हा चालती केली होती, तिची फिल्म करायला. रूळ उपटून जागा मोकळी करायची की गाडी राहू द्यायची, हे ठरवायला दुपारी सरकारी साहेब येणार होते. गाडीत बसणार, मग फिल्म बघणार. सगळं त्यावरच होतं.

पण ती पार शिणली होती. गाडी सुटतानाचा एकच शॉट सकाळपासून घेत होती आणि दर वेळी गाडीला झेंडी दाखवणारे सोपानकाका आवाज बिघडवत होते. सुटण्याआधी ते प्रत्येक डब्यावर काठी ठोकायचे, वाकून हाळी द्यायचे, "उठा रं, गाडी निघाली."

या पठारावर झाड म्हणून नाही. खाणीतले मजूर दुपारी डब्यांच्या सावलीला, रुळांमध्येच आडवे व्हायचे. एकदा हाळी न देता गाडी हलली, आणि खालचा एक जण उठलाच नाही. तेव्हापासूनची ही रीत. खाण बंद पडली, मजूर गेले, रीत काही कुणी मोडली नाही.

"काका, एकदाच हाळी नको. नुसता गाडीचा आवाज हवाय मला."

इंजिन चालवणारा बहिरू वरून म्हणाला, बेल्ह्याच्या बाजारातला बैलसुद्धा एवढा वेळ उभा राहत नाही, होऊन जाऊ द्या एकदाचं. काकांनी काठी खाली ठेवली.

शॉट सुरेख आला. फक्त शेवटचा डबा हलताना जरासा अडखळला, काहीतरी मऊ लागल्यासारखा. आरतीने ते पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं त्राण तिच्यात नव्हतं.

दुपारी साहेब आले, गावची पोरं घेऊन डब्यात बसले. सोपानकाका काठी ठोकत निघाले. शेवटच्या डब्यापाशी वाकून त्यांनी हाळी दिली आणि तसेच वाकून राहिले. आरती जवळ गेली. वारा पडला होता. तापल्या लोखंडाच्या वासात घामेजल्या घोंगडीचा वास मिसळला होता. डब्याखालून झोपेने जड झालेला आवाज आला.

"थांब की राव... आत्ता तर पाठ टेकली..."

खाली नुसती खडी होती.

"आता सोडायची न्हाई गाडी," काका पुटपुटले. "त्यो उठल्याबिगर न्हाई."

"आणि साहेब? रूळ?"

"जात्याल तर जाऊ द्या, ताई."

पुढून साहेब विचारत होते, चालते ना ही? त्यांचा एक पाय खाली आलाच होता. हाळी आपणच थांबवली होती, हे आरतीला कुणी सांगायची गरज नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि डब्याखाली सरकली.

"मामा, उठा... गाडी निघाली."

खालून एक लांब सुस्कारा आला. तिथे अंधार नव्हता, सावलीत खडा न् खडा दिसत होता. तिने हात पुढे केला, आणि तो कुणीतरी धरला. घट्टे पडलेला, दगडाच्या भुकटीने खरबरीत झालेला हात. त्यात राग नव्हता. दमलेला माणूस उठताना टाकतो तसा भार त्याने टाकला. सगळं बळ एकवटून आरतीने ओढलं आणि ती रुळांबाहेर आली.

काकांनी झेंडी दाखवली. गाडी निघाली. पोरं हात हलवत होती, साहेब लहान मुलासारखे हसत होते. रूळ वाचले, हे त्या हसण्यातच कळलं.

"उठला न्हवं?" काका हळूच म्हणाले. "मग सोडा आता हात."

"मी केव्हाच सोडलाय, काका... त्यानंच धरलाय."

डबे दूर गेले होते. त्या उघड्या माळावर आता त्याला पाठ टेकायला हाताशी सावली तेवढी तिचीच उरली होती.