बाबांची गाडी वळणावर अडते

"दोन सेल द्या," मी काउंटरवर कंट्रोलर ठेवत म्हटलं. "आणि जरा दमदार द्या हो. या आठवड्यातली ही तिसरी जोडी."

"सेलचा दोष नसेल तो," शेजारून कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. हातात ओली छत्री, चेहरा शांत, आणि दुसऱ्यांच्या बोलण्यात नाक खुपसल्याचा जराही संकोच नाही! त्याने स्वतःसाठी शर्टाच्या बटणाएवढे बारीक सेल घेतले होते.

"तुम्हाला कसं बरं कळलं?"

"कानाचं मशीन बसवतो मी. आवाज मधेच तुटतो, मधेच तुटतो... दिवसभर हेच ऐकत असतो. तुमचं गेमचं मशीन ठेवलंय कुठे?"

"कपाटात. धूळ बसू नये म्हणून दार लावून."

"आणि वायफायचा राऊटर?"

"त्याच्याच डोक्यावर."

त्याने कपाळाला हात लावला. मला हसूच आलं.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"दात. म्हणजे... कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये आहे मी."

"कान माझ्याकडे, दात तुमच्याकडे. निम्मा चेहरा तर इथेच जमला की!"

अनोळखी माणसाला घरी चला म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण बाबांचा विचार आला आणि म्हणून टाकलं.

बाबा चौतीस वर्षं बस चालवत होते. निवृत्तीनंतर जिन्यावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाताची पकड येईना. बोटं आणि मनगट हलतं ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. चेंडू दाबायचा व्यायाम बाबांना पोरकट वाटायचा, म्हणून मी दादा परगावी जाताना मागे ठेवून गेलेलं गेमचं मशीन बाहेर काढलं आणि त्यांना गाड्यांची शर्यत लावून दिली. बाबा ती बससारखी चालवायचे. मागच्याला वाट देणार, वळणाआधी वेग कमी करणार. नेहमी शेवटचे यायचे, पण एक ओरखडा नाही. फक्त गेले काही दिवस वळणावर कंट्रोलर दगा द्यायचा आणि गाडी सरळ भिंतीत जायची.

कानवाल्याने – हे नाव बाबांनी पाच मिनिटांत ठेवलं – मशीन कपाटातून काढून उघड्यावर ठेवलं. राऊटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी नेला. कंट्रोलरच्या पाठीवरच्या बारीक भोकात टाचणी खुपसून जुनी जोडणी पुसली, मग वायर लावून नव्याने जोडून दिला.

"दोघांचे सिग्नल एकमेकांच्या अंगावर पडत होते, काका. आता चालवा."

बाबांनी वळण घेतलं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला तर त्यांनी चक्क शीळ घातली.

"कानवाले, तुम्ही जेवूनच जा," ते म्हणाले.

तो जेवून गेला. ताटावर वाकलेला असतानाही माझं प्रत्येक वाक्य मान वर करून ऐकत होता. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं. जाताना दारात थबकला, छत्री उघडली, मिटली...

"हा माझा नंबर. काही अडलं तर फोन करा."

पंचाईत हीच झाली की आठ दिवस काहीच अडलं नाही. कंट्रोलर गुणी बाळासारखा चालत होता. नुसतं 'काय करताय' विचारायला फोन करायचा धीर मला होईना. नवव्या दिवशी सकाळी, बाबा अंघोळीला गेलेले असताना, मी राऊटर उचलला आणि मशीनच्या मागे, पडद्याआड ठेवून दिला.

मग फोन केला. "पुन्हा तुटतंय हो."

"अरेरे! मी बाहेरगावी आहे. शनिवारी आलो तर चालेल?"

"चालेल की!" मी म्हटलं. तीन दिवस राऊटर तिथेच राहिला. तो यायच्या आधी सगळं नीट झालं असतं तर मी कुठल्या तोंडाने बोलावलं असतं?

शनिवारी संध्याकाळी तो आला. बाबा खुर्चीत बसून होते, मशीन बंद. त्यांनी खिशातून आमच्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडे. मी काही आता गाडी चालवत नाही."

"असं काय बोलता बाबा?"

"तीन दिवस बघतोय ना. प्रत्येक वळणाला ठोकतोय. यंत्र यांनी नीट करून दिलंय, मग बिघडलंय ते माझं मनगट. चौतीस वर्षांत कुणाला धक्का लागला नाही. आता खऱ्या रस्त्यावर कुणाला लागायला नको."

तीन दिवस ते गप्प होते, आणि मी शनिवारी कुठला ड्रेस घालायचा याच्या विचारात! सांगावं तर कानवाल्यासमोर अब्रू जाणार. न सांगावं तर...

"तुमचा हात ठणठणीत आहे बाबा," मी म्हटलं. "राऊटर मी सरकवला. मुद्दाम. पडद्यामागे आहे बघा."

"तू? का गं?"

"हे... यांनी पुन्हा यावं म्हणून."

माझे डोळे भरून आले. बाबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गधडे," ते म्हणाले, "रात्र रात्र झोपलो नाही मी."

"चुकलं बाबा. खरंच चुकलं."

त्यांनी किल्ली माझ्या हातातून काढून घेतली आणि खिशात टाकली. राग अजून उतरला नव्हता. आता तो राग कानवाल्याकडे वळला.

"आणि तुम्ही काय उभे आहात? तिने सांगून टाकलं. तुमचं काय ते बोला."

कानवाल्याचे कान लालभडक झाले होते. तो पडद्यामागे गेला, राऊटर खिडकीपाशी ठेवून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"काकांना असा घोर लावायला नको होता तुम्ही," तो हळूच म्हणाला.

"हो," मी मान खाली घातली.

"पण तुम्ही मला आवडता. राऊटर कुठेही असला तरी... मी रोज येईन. चालेल?"

मी होकारार्थी मान हलवली, आणि त्याने माझा हात हातात घेतला. टाचण्या, वायरी हाताळणारी ती बोटं मी घट्ट धरली.

बाबांनी गेम लावला होता. भिंतीशी नेहमीचं ते वळण आलं. त्यांनी वेग कमी केला, मनगट वळवलं, आणि गाडी रस्ता न सोडता वळली. पुढचं वळणही लगेच होतं, त्यामुळे आमच्याकडे बघायला त्यांना मुळीच वेळ नव्हता.